प्रोजमध्ये पहिले योगदान : रत्नागिरीच्या एका बिंदूपासून पुल रिक्वेस्टपर्यंत

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थर उघडला, पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये गट नंबरांचे क्षेत्रफळ काढले किंवा पायथॉनमधून जीपीएसचे बिंदू नकाशावर टाकले, तरी आत निर्देशांक एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेण्याचा हिशेब करणारे इंजिन बहुतेक वेळा एकच असते : प्रोज. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्यात जेराल्ड इव्हेंडेन यांनी ते लिहायला घेतले. आज ते ओएसजीओ या संस्थेच्या छत्राखाली, एमआयटी पद्धतीच्या परवान्यावर, गिटहबवर सर्वांसाठी खुले आहे. त्यात योगदान द्यायचे म्हटले की नवखा माणूस सी++ च्या धास्तीने मागे सरतो. प्रत्यक्षात या प्रकल्पाला सर्वाधिक उपयोग होतो तो नीट तपासलेल्या बिंदूचा आणि नीट लिहिलेल्या तक्रारीचा. हे दोन्ही कोकणात बसून, साध्या लॅपटॉपवर करता येते. कोड त्यानंतर.

आधी एक बिंदू हातात घ्या

उबंटूवर प्रोजचे तयार पॅकेज मिळते. विंडोजवर क्यूजीआयएसच्या ओएसजीओ४डब्ल्यू इन्स्टॉलरबरोबर ते येतेच, आणि त्याचा शेल उघडला की आज्ञा चालवता येतात. पहिली आज्ञा सीएस२सीएस. ही एका निर्देशांक प्रणालीतले आकडे दुसऱ्या प्रणालीत नेते.

रत्नागिरी शहरालगतचा बिंदू घ्या : अक्षांश १७.०, रेखांश ७३.३. स्रोत प्रणाली ईपीएसजी (निर्देशांक प्रणालींच्या कोडांची जागतिक नोंदवही) मधली ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश. लक्ष्य प्रणाली ईपीएसजी:३२६४३, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा ४३ उत्तर विभाग. उत्तर असे यायला हवे : पूर्वांतर ३१९०२४.३३ मीटर, उत्तरांतर १८८०३४०.१७ मीटर. हे आकडे जुळले, तर तुमची मांडणी ठीक आहे.

जुळले नाहीत, तर पहिला संशय अक्षांच्या क्रमावर घ्या. ईपीएसजीच्या नोंदीत ४३२६ चा क्रम अक्षांश आधी, रेखांश मागाहून असा आहे आणि २०१९ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून प्रोज तो क्रम काटेकोरपणे पाळते. जीपीएसमधून काढलेल्या फायली, जिओजेसन आणि पुष्कळशा जुन्या स्क्रिप्ट रेखांश आधी देतात. कोकणात ही चूक जास्त फसवी ठरते, कारण आपले रेखांश ७२.८ ते ७४ च्या आसपास आहेत आणि ७३.३ हा अक्षांश म्हणूनही वैध आकडा आहे. अरुणाचलात ९५ हा रेखांश अक्षांशाच्या जागी पडला तर सॉफ्टवेअर लगेच हरकत घेते. आपल्याकडे ते मुकाट्याने हिशेब करून मोकळे होते आणि रत्नागिरीचा बिंदू नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या समुद्रात जाऊन पडतो. पायथॉनच्या पायप्रोजमध्ये ट्रान्सफॉर्मर तयार करताना ‘ऑलवेज एक्सवाय’ हा पर्याय चालू केला की क्रम कायम रेखांश-अक्षांश राहतो. ‘प्लस इनिट’ने सुरू होणारी जुनी लिखावट आता टाळावी. ती क्रम उलटवते आणि पुढे वाचणाऱ्यालाही गोंधळात टाकते.

या बिंदूचा आणखी एक उपयोग आहे. यूटीएम ४३ चा मध्य रेखावृत्त ७५ अंशांवर आहे. तिथे नकाशावरचे अंतर जमिनीवरच्या अंतराच्या ०.९९९६ पट भरते आणि दोन्ही बाजूंना साधारण १८० किलोमीटरवर ते प्रमाण बरोबर एक होते. रत्नागिरी त्या रेषेवरच आहे : तिथला फरक किलोमीटरमागे सुमारे ५ मिलिमीटर. म्हणून कोकणपट्टीतली लांबी-रुंदी ३२६४३ मध्ये बिनधास्त मोजावी. वेब नकाशांच्या ईपीएसजी:३८५७ मध्ये मात्र कधीही मोजू नये. १७ अंश अक्षांशावर तिथले क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी फुगते, म्हणजे १०० आरची कलमांची बाग ११० आर दिसते. ‘प्रोज क्षेत्रफळ चुकीचे देते’ अशा अनेक तक्रारींचे मूळ इथे असते. तो दोष सॉफ्टवेअरचा नाही आणि तशी तक्रार नोंदवू नये.

कल्याणपूर : आपल्या भागाचा खरा प्रश्न

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट इलिप्सॉइड (पृथ्वीचा धरलेला लंबगोल आकार) आणि कल्याणपूर डेटम (तो आकार पृथ्वीवर बसवण्याचा संदर्भ) यांवर काढलेल्या आहेत. रत्नागिरीचा परिसर ४७ जी आणि ४७ एच या शीटांत येतो, वेंगुर्ला ४८ ई मध्ये. त्यावर छापलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे डब्ल्यूजीएस ८४ समजून वापरले, तर रत्नागिरीजवळ बिंदू खऱ्या जागेपासून सुमारे ११७ मीटर दक्षिणेला आणि ७१ मीटर पूर्वेला पडतो. एकूण सरक सव्वाशे ते दीडशे मीटर. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) ३-ब वर्गातल्या २०० मीटरच्या ना-विकास पट्टीच्या हिशेबात एवढ्या सरकेने घर रेषेच्या या बाजूचे त्या बाजूला जाते, आणि म्हणून हा भाग घाईत उरकू नये.

ईपीएसजीत कल्याणपूर १९७५ चा भौगोलिक कोड ४१४६ आणि त्यावरच्या यूटीएम ४३ चा २४३४३ आहे. आता प्रोजइन्फो ही आज्ञा वापरा. स्रोत ४१४६, लक्ष्य ४३२६ द्या आणि सारांश मागा. उपलब्ध रूपांतरांची यादी येते आणि प्रत्येकापुढे त्याचे क्षेत्र आणि अचूकता लिहिलेली असते. भारताच्या मुख्य भूमीसाठी असलेल्या रूपांतरात तीन सरकी दिसतील : २९५, ७३६ आणि २५७ मीटर. त्यांची अचूकता एक्स, वाय, झेड या तीन अक्षांवर अनुक्रमे १२, १० आणि १५ मीटर एवढीच आहे. याचा अर्थ, सगळे अगदी बरोबर केले तरी जुन्या टोपोशीटवरून आलेला बिंदू जीपीएसपेक्षा १५-२० मीटर इकडेतिकडे असू शकतो. हा दोष नव्हे. प्रकाशित झालेल्या रूपांतराची ती मर्यादा आहे. प्रोजने त्याहून अचूक उत्तर द्यावे, अशी मागणी कोडमध्ये बदल करून पुरी होत नाही. त्यासाठी अधिक चांगले रूपांतर अधिकृतपणे प्रसिद्ध होऊन ईपीएसजीत यावे लागते.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे ‘बॉलपार्क’ रूपांतर. योग्य रूपांतर सापडले नाही की प्रोज डेटममधला फरक सोडून देते आणि फक्त इलिप्सॉइड बदलून उत्तर देते. यादीत बॉलपार्क हा शब्द दिसला की ते उत्तर बाजूला ठेवा. सीएस२सीएसला ‘नो बॉलपार्क’ हा पर्याय दिला की असे उत्तर मिळणे बंद होते. सरावात तो कायम लावलेला बरा.

दुसरी गोष्ट एव्हरेस्ट या नावाची. प्रोजमध्ये ‘ईव्हीआरएसटी३०’ लिहिले की अर्धदीर्घ अक्ष ६३७७२७६.३४५ मीटर धरला जातो. कल्याणपूर १९७५ चा अक्ष मात्र ६३७७२९९.१५१ मीटर आहे. फरक २३ मीटरच्या आतला दिसतो, पण यूटीएममध्ये रत्नागिरीच्या उत्तरांतरात तो पावणेसात मीटरची चूक आणतो. कोणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टमधून हाताने लिहिलेली प्रोज-ओळ उचलण्यापेक्षा ईपीएसजी कोड वापरावा, हा आमचा आग्रह यासाठीच आहे. पॉलिकोनिक प्रक्षेपणात काढलेल्या शीटचे स्कॅन जागेवर बसवताना कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश कल्याणपूरच्या भौगोलिक कोडमध्ये द्या आणि मग पुढे रूपांतर करा. प्रत्येक शीटसाठी वेगळे पॉलिकोनिक मापदंड लिहीत बसायची गरज उरत नाही.

उंची

रत्नागिरीतल्या मांडवीच्या वाळूवर उभे राहून जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान काढणाऱ्या) रिसीव्हरची इलिप्सॉइडवरची उंची वाचली, तर ती शून्यापेक्षा साठ मीटरहून अधिक खाली येते. यंत्र बिघडलेले नसते. आपल्या किनाऱ्याजवळ जिऑइड (सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग) इलिप्सॉइडच्या तेवढा खाली आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची हवी तर जिऑइडची ग्रीड फाइल लागते. ईजीएम९६ या जिऑइड मॉडेलचा कोड ५७७३, ईजीएम२००८ चा ३८५५.

प्रोजच्या २०२० मधल्या सातव्या आवृत्तीपासून या ग्रीड जिओटिफ स्वरूपात आल्या असून नेटवरून लागतील तेवढ्याच तुकड्यांत उतरवता येतात. त्यासाठी ‘प्रोज नेटवर्क’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘ऑन’ करावे लागते. रेंज येत-जात असलेल्या गावात हा भरवसा धरू नये. तालुक्याच्या ठिकाणी असतानाच प्रोजसिंक आज्ञेने हव्या त्या फायली उतरवून ठेवाव्यात. ग्रीड नसेल तर उंची न बदलता जशीच्या तशी बाहेर पडू शकते, म्हणून आत घातलेली आणि बाहेर आलेली उंची अगदी एकच दिसली की थांबा. आणखी एक : बंदरातले चार्ट डेटम, सर्वेक्षण विभागाची सरासरी समुद्रपातळी आणि ईजीएम या तीन वेगळ्या पातळ्या आहेत. जेटीच्या कामात त्यांची सरमिसळ केली तर दोष प्रोजला देता येत नाही.

तक्रार कुठे नोंदवायची ते ठरवा

चूक तीन ठिकाणी असू शकते : वरच्या अ‍ॅपमध्ये, प्रोजच्या कोडमध्ये किंवा ईपीएसजीच्या नोंदीत. तोच बिंदू सीएस२सीएसमध्ये घालून पाहा. तिथे उत्तर बरोबर आणि क्यूजीआयएसमध्ये चूक असेल, तर तक्रार क्यूजीआयएसकडे. तिथेही चूक असेल, तर कोणते रूपांतर वापरले गेले ते प्रोजइन्फोत पाहा आणि त्याचे मापदंड ईपीएसजीच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडा. मापदंड जुळतात पण गणित चुकते, असे असेल तरच तो प्रोजचा बग. नोंदच चुकीची असेल, तर ईपीएसजी चालवणाऱ्या आयओजीपी संस्थेकडे बदलाची विनंती पाठवावी लागते. प्रोजच्या डेटाबेसमधला ईपीएसजीचा भाग तिथून स्क्रिप्टने आयात होतो. त्या एसक्यूएल फायली हाताने दुरुस्त केल्या तर पुढच्या आयातीत दुरुस्ती पुसली जाते, त्यामुळे अशी पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) स्वीकारली जात नाही.

चांगल्या तक्रारीत पाच गोष्टी लागतात : प्रोजची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम, चालवलेली आज्ञा जशीच्या तशी, आलेले उत्तर, अपेक्षित उत्तर, आणि अपेक्षित उत्तर कुठून मिळाले. पाचवी बहुतेक जण विसरतात आणि तिच्यावाचून तपासणाऱ्याला पुढे जाता येत नाही. ‘नकाशा सरकला’ एवढ्यावर काही करता येत नाही. ‘अमुक बिंदू, अमुक कोडमधून अमुक कोडमध्ये नेला असता उत्तरांतर ६.७ मीटरने कमी येते’ असे लिहिले की तपासणारा लगेच कामाला लागू शकतो. स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या. इंग्रजी साधी चालते, वाक्ये छोटी असावीत.

तक्रारीला टोपोशीटचे स्कॅन जोडू नका आणि ज्या नियंत्रण बिंदूंचे आकडे प्रसिद्ध करायचा हक्क तुमच्याकडे नाही, ते टाकू नका. एकदा गिटहबवर गेलेली फाइल परत घेता येत नाही. दोष दाखवायला गोल आकड्यांचा बिंदू पुरतो.

सोर्स बांधणे

गिटहबवर प्रोजच्या रिपॉझिटरीचा फोर्क (स्वतःच्या खात्यातली प्रत) करा, तो क्लोन करा (यंत्रावर उतरवा) आणि मूळ रिपॉझिटरी ‘अपस्ट्रीम’ या नावाने जोडा. मुख्य शाखेचे नाव ‘मास्टर’ आहे. तिच्यात थेट काम न करता दर कामाला वेगळी ब्रँच काढा.

लागणारे सामान : सी आणि सी++ कंपायलर, सीमेक (बांधणी जुळवणारे साधन), एसक्यूलाइट३ ची लायब्ररी आणि तिचा आज्ञा-प्रोग्रॅमही, लिबटिफ आणि कर्ल. एसक्यूलाइटचा प्रोग्रॅम लागतो कारण बांधणीच्या वेळी हजारो एसक्यूएल ओळींतून प्रोजचा डेटाबेस तयार होतो. फक्त लायब्ररी टाकली तर सीमेक तिथेच अडते. नवव्या आवृत्तीपासून बांधणी फक्त सीमेकनेच होते. ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’ सांगणारी जुनी टिपणे त्यामुळे कामाची नाहीत.

‘बिल्ड’ नावाचे वेगळे फोल्डर करा, त्यात सीमेक चालवा, मग बांधणी आणि शेवटी सीटेस्ट (सगळ्या चाचण्या चालवणारी आज्ञा). पहिल्या वेळी गूगलटेस्ट नेटवरून उतरते, तेव्हा जोडणी चालू असू द्या. काही बदल करण्याआधी सीटेस्ट एकदा पूर्ण हिरवी झालेली पाहणे फार महत्त्वाचे, नाहीतर नंतर लाल झालेली चाचणी तुमच्यामुळे पडली की आधीपासूनच पडत होती ते कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण म्हणजे एकाच यंत्रावर एकाहून अधिक प्रोज. क्यूजीआयएसचे एक, कोंडा या पॅकेज-व्यवस्थापकाचे दुसरे, तुम्ही बांधलेले तिसरे. मग ‘डेटाबेसच्या मांडणीची आवृत्ती जुनी आहे, तो दुसऱ्या प्रोजचा आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. ‘प्रोज डेटा’ हे व्हेरिएबल तुमच्या बिल्डमधल्या डेटा फोल्डरकडे वळवले की तो सुटतो. ९.१ च्या आधी याचेच नाव ‘प्रोज लिब’ होते. दोन्ही लावलेले असतील तर जुने काढून टाका. हे व्हेरिएबल कायमचे लावून ठेवू नका, नाहीतर उद्या क्यूजीआयएस बिघडेल. त्या टर्मिनलपुरतेच ठेवा.

पहिली चाचणी

नवख्याने पहिली पुल रिक्वेस्ट चाचणीची किंवा दस्तऐवजाची करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रोजमध्ये यासाठी जीआयई नावाचे साधन आहे. टेस्ट फोल्डरातल्या जीआयई उपफोल्डरात साध्या मजकुराच्या फायली असतात आणि त्या वाचायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही.

रत्नागिरीच्या बिंदूची चाचणी अशी बनते. ‘ऑपरेशन’च्या ओळीत यूटीएम, विभाग ४३, इलिप्सॉइड डब्ल्यूजीएस८४. ‘टॉलरन्स’च्या ओळीत १ सेंटिमीटर. ‘अ‍ॅक्सेप्ट’मध्ये ७३.३ आणि १७.०. ‘एक्स्पेक्ट’मध्ये ३१९०२४.३३ आणि १८८०३४०.१७. शेवटी ‘राउंडट्रिप’ १००, म्हणजे शंभर वेळा पुढे-मागे नेऊनही बिंदू जागेवर परतला पाहिजे. इथे क्रम रेखांश आधी असा आहे, कारण ऑपरेशन ईपीएसजी कोडने नव्हे तर प्रोज-ओळीने दिले आहे. टॉलरन्स लिहिला नाही तर अर्धा मिलिमीटर धरला जातो आणि दोन दशांश स्थळांपर्यंतचे अपेक्षित आकडे त्यात बसत नाहीत. चाचणी पडते ती बहुधा यामुळे.

ही सरावाची चाचणी आहे, ती पाठवू नका. यूटीएमच्या चाचण्या तिथे आधीच आहेत. पाठवायची ती ज्या ऑपरेशनची किंवा पर्यायाची चाचणी नाही, त्याची. आणि तिथे एक नियम मोडू नये : अपेक्षित आकडा प्रोजकडूनच काढून प्रोजच्या चाचणीत घालू नये. त्याने काहीच सिद्ध होत नाही. आकडा स्वतंत्र ठिकाणचा हवा. ईपीएसजीच्या ‘गायडन्स नोट ७ भाग २’ मध्ये सूत्रांबरोबर सोडवलेली उदाहरणे दिलेली आहेत, ती त्यासाठी उत्तम.

दस्तऐवजात सुधारणा करायची तर मजकूर डॉक्स फोल्डरात रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये असतो. न चालणारे उदाहरण, चुकलेले एकक, तुटलेला दुवा अशी छोटी दुरुस्ती गिटहबच्या पानावरूनही करता येते.

पाठवणे आणि वाट पाहणे

कमिटचा संदेश एका ओळीत, कोणत्या भागात काय केले ते सांगणारा असावा. तक्रार मिटत असेल तर तिचा क्रमांक द्यावा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय. चाचणी जोडताना वाटेतली रिकाम्या जागांची साफसफाई करू नका, तपासणाऱ्याला खरा बदल सापडत नाही. सी++ ला हात लावला असेल तर प्री-कमिट चालवून क्लँग-फॉरमॅटचे वळण लावून घ्या.

पाठवल्यावर लिनक्स, मॅकओएस आणि विंडोजवर बांधणी आपोआप सुरू होते. तुमच्याकडे हिरवी असलेली चाचणी एखाद्या ठिकाणी लाल झाली तर घाबरू नका, त्या बांधणीची नोंद उघडून पहिली चूक वाचा. बहुतेकदा दशांशाच्या शेवटच्या स्थळात कंपायलरगणिक पडणारा फरक असतो. त्यावर टॉलरन्स सरसकट वाढवणे हा उपाय नव्हे : फरक किती आहे ते लिहा आणि विचारा. नेटवर तात्पुरती अडचण आल्यामुळेही बांधणी पडते, तसे दिसले तर तेवढे नमूद करा.

तपासणारे जगभर विखुरलेले आहेत आणि अनेक जण हे काम नोकरीबाहेरच्या वेळात करतात. आठवडाभर उत्तर आले नाही तर एक नम्र ओळ पुरते. बदल सुचवले तर त्याच ब्रँचमध्ये करा, नवीन पुल रिक्वेस्ट उघडू नका. दरम्यान मास्टर पुढे गेली असेल तर अपस्ट्रीमवरून रीबेस करा (तुमचे बदल तिच्या ताज्या टोकावर चढवा). मर्जचे कमिट मध्ये आले की इतिहास वाचायला अवघड होतो. सुचवलेला बदल पटला नाही तर आकड्यांनिशी सांगा. या प्रकल्पात आकड्याला मान आहे, सांगणारा नवखा असला तरी.

स्वीकारलेला बदल मास्टरमध्ये लगेच दिसतो, पण वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. अलीकडच्या वर्षांत प्रोजच्या नव्या आवृत्त्या मार्च आणि सप्टेंबरमध्ये आल्या आहेत. क्यूजीआयएसच्या इन्स्टॉलरमध्ये त्या त्यानंतर येतात. कार्यालयातल्या यंत्रावर तुमची दुरुस्ती आली की नाही हे बघायचे असेल तर क्यूजीआयएसच्या ‘अबाउट’ खिडकीत प्रोजची आवृत्ती लिहिलेली असते, तो आकडा पाहून मग तोच बिंदू पुन्हा चालवा.